आधी हात लावा, शिष्टर

लोकांना टोपणनावं ठेवण्यात माझा हात कुणी धरत नसे. आमच्या मेट्रनबाई म्हणजे 'इस्तरी', औषधांच्या खिडकीतले गृहस्थ म्हणजे 'संपलंय', आणि रोह्याहून अँब्युलन्स घेऊन येणारे ड्रायव्हर म्हणजे 'घेतलामामा'. तिन्ही नावं माझीच. पहिली दोन वर्षभरात विरली. तिसरं मात्र सगळ्या हॉस्पिटलात असं चाललं की खुद्द मामांनीच एकदा मला विचारलं, "शिष्टरबाय, माजं ह्ये नाव ठेवलं कोनी?" मी म्हटलं, "कोण जाणे बाई!" खोटं बोलायची माझी सवय तशी जुनीच.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नर्सिंगचा कोर्स नुकताच संपलेला आणि पेणला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कच्च्या नोकरीवर लागलेली. ते हॉस्पिटल आता नाही, ट्रस्टही नाही, म्हणून एवढं मोकळं लिहितेय. त्याच ट्रस्टचा एक छोटा दवाखाना रोह्याला होता. तिथं जे निभायचं नाही ते अँब्युलन्स केलेल्या जुन्या मॅटॅडोरमध्ये घालून आमच्या दारात यायचं. दारात उतरलेला पेशंट कॅज्युअल्टीच्या सिस्टरनं ताब्यात घ्यायचा. सकाळच्या पाळीला ती सिस्टर म्हणजे मी. कडक खळ केलेला युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, छातीला घड्याळ. आरशात बघितलं की मलाच माझी भीती वाटायची.

मामांना ती कधीच वाटली नाही. पन्नाशीचा बुटका माणूस, हात मात्र अंगाच्या मानानं भलतेच मोठे. स्ट्रेचरची पुढची दांडी त्यांच्या हातात, मागची रोह्याच्या वॉर्डबॉयच्या. स्ट्रेचर आमच्या खाटेवर टेकलं तरी मामा दांडी सोडायचे नाहीत. आधी बोलायचे, तेही सगळ्या हॉस्पिटलला ऐकू जाईल असं. "नाव सांगतो. गाव सांगतो. काय झालं ते सांगतो. काय दिलं ते सांगतो. काय राहिलं ते सांगतो." आणि खरोखरच एकेक सांगायचे. मग म्हणायचे, "आता हात लावा." सिस्टरनं पेशंटला हात लावायचा, ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवायचं आणि पुरुष असेल तर 'घेतला', बाई असेल तर 'घेतली' म्हणायचं. मगच दांडी सुटायची. तोवर तुम्ही हुकूम सोडा, डोळे वटारा, काही करा, मामा जागचे हलायचे नाहीत.

पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "मामा, चिठ्ठीत सगळं लिहिलेलं असतं. मला वाचता येतं."

"झालेलं चिठ्ठीत असतंय, शिष्टर. राहिलेलं कोन लिवत नाय."

मी तोंड वाकडं केलं आणि दोन बोटांनी पेशंटच्या मनगटाला हात लावल्यासारखं केलं. मामा म्हणाले, "असा नाय. घ्यायचा हात लावा." हे सगळं दोन वॉर्डबॉय आणि एका झाडूवालीसमोर. टोपणनाव मी त्याच दिवशी ठेवलं.

एकदा त्यांनी नागोठण्याजवळ सायकलवरून पडलेला एक म्हातारा आणला. "वरचे दात नायत. आज पडले नायत, पयल्यापासून नायत. कवळी बायकोच्या पिशवीत हाय. डाव्या कानानं आयकू येत नाय, उजवीकडनं बोला." मला हसू आवरेना. ऐकलेलं परत म्हणतानाही मी दातांपाशी फुटले आणि मामांनी मला सगळं पहिल्यापासून म्हणायला लावलं. मग डॉक्टर आले आणि म्हाताऱ्याच्या डाव्या बाजूला उभे राहून दहा मिनिटं विचारत बसले. म्हातारा छताकडे बघत पडलेला. डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, "डोक्याला मार दिसतोय, मुंबईला हलवावं लागेल." तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. उजवीकडे जाऊन "आजोबा" म्हटलं, तर म्हातारा म्हणतो, "चा मिळंल काय?"

श्रेय मी घेतलं, हे सांगायला नकोच.

मामांच्या आणखीही खोडी होत्या. रस्ता अगदीच अडला असेल तरच भोंगा वाजवायचे. म्हणायचे, "भोंगा आयकला की पेशंटला वाटतं, आपलं काय खरं नाय." त्याऐवजी ते पेशंटशी बोलायचे. "ही निडी गेली बग. आता नागोठणं. नागोठणं आलं म्हंजे अर्धं झालं." शुद्ध नसलेल्यालाही हे सगळं ऐकवायचे. पेशंटच्या चपला न चुकता बरोबर आणायचे आणि खाटेखाली नीट जोडून ठेवायचे. हातात पेशंट असेपर्यंत चहाच्या कपाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

एक मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. खिशातून हात काढणं त्यांना कमीपणाचं वाटे. एकदा मी जागेवर नव्हते आणि ते नेमके मामांच्या समोर सापडले. मामा म्हणाले, "सायब, हात लावा." डॉक्टर म्हणाले, "ठेव तिकडे." मामा उभेच. डॉक्टर ओरडले, "अरे, तू मला शिकवणार?" मामा म्हणाले, "नाय सायब. मी निस्ता धरून हाय." मी धावत आले तोवर डॉक्टरांचे दोन्ही हात खिशाबाहेर आले होते आणि पेशंटच्या पोटावर होते. मला मनातून गुदगुल्या झाल्या, पण डॉक्टरांसमोर मी मामांनाच झापलं.

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं. मामा मूळचे जोह्याचे. घरात गणपतीचा कारखाना. भाऊ डोळ्यांची आखणी करायचे, यांच्या बोटांना ते काही जमेना. म्हणून बापानं यांना मूर्ती उचलून द्यायच्या कामाला लावलं. "गिऱ्हाइकाला मूर्ती देताना दोगांनी मिळून बगायची, शिष्टर. सोंड, कान, बोटं. मंग गिऱ्हाइकाचा हात पाटाखाली आला आनि तो 'घेतला' म्हनाला की आपला हात काडायचा. त्याचा हात यायच्या आधी आपन सोडलं आनि मूर्ती मोडली, तर मोडलेली मूर्ती आपली. गिऱ्हाईक कितीबी वंगाळ असू दे. त्याला दुसरी द्यायची, तोंडातनं शब्द काडायचा नाय." पुढं ते मूर्तींचा ट्रक चालवायला लागले. एवढ्या वर्षांत एकही मूर्ती दुखावली नाही म्हणून ट्रस्टच्या कुणीतरी त्यांना अँब्युलन्सवर घेतलं.

"पण मामा," मी म्हटलं, "पेशंट काय मातीचा असतो?"

"मातीची मूर्ती दुसरी देता येती," मामा म्हणाले आणि त्यांनी चहा संपवला.

आता तो दिवस. भातलावणीचे दिवस होते आणि ट्रस्टची मंडळी मुंबईहून हॉस्पिटल बघायला यायची होती. मेट्रनबाईंनी आठवडाभर भिंती पुसून घेतल्या, पेशंटच्या नातेवाइकांना सकाळपासून आवाराबाहेर काढलं आणि ट्रस्टींच्या पत्नीला पुष्पगुच्छ द्यायला माझी निवड केली. का, तर माझी टोपी सरळ बसते! झालं. मी नऊ वाजल्यापासून गुच्छ घेऊन दारात. देठांना ओला कपडा गुंडाळलेला, त्याचं पाणी युनिफॉर्मवर पडू नये म्हणून गुच्छ दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरलेला. खाली ठेवला तर फुलं चुरगळतील ही काळजी वेगळीच.

अकराच्या सुमारास गाडीचा आवाज आला. मी हसून पुढं झाले. बघते तर मॅटॅडोर.

मामांनी आणि वॉर्डबॉयनं एका तरुण बाईला आत आणून खाटेवर टेकवलं. सासू बरोबर होती, तिला आमच्या शिपायानं दारातच अडवलं. मामांनी सुरू केलं. नाव सांगितलं. गाव निडी. सकाळी आठला शेतात उजव्या पावलाला फुरसं चावलं. रोह्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, सापाचं औषध तिथं शिल्लक नव्हतं. "आनि राहिलंय ते आयका, शिष्टर. घरच्यांनी मांडीला दोरी बांधलीय, लई घट्ट. रोह्याच्या डॉक्टरनी सांगितलंय, पेनला औषध चालू झालं की डॉक्टरसमोर सोडा. लुगड्याच्या खाली हाय, दिसायची नाय. आता हात लावा."

तेवढ्यात फाटकातून पांढरी मोटार आत वळली. मॅटॅडोर बरोब्बर दरवाजासमोर आडवी.

"मामा, आधी गाडी काढा!"

"हात लावा, काडतो."

"माझे हात मोकळे आहेत का? दिसत नाही?"

"फुलं खाली ठेवा की."

"घेतली! घेतली म्हटलं ना! काढा ती गाडी!"

मामांनी माझ्या हातांतल्या फुलांकडे बघितलं. दाराशी थांबलेल्या मोटारीकडे बघितलं. मग दांडी सोडली.

डॉक्टरांनी औषध चालू केलं. तेही घाईत होते, पाहुण्यांबरोबर फिरायचं होतं. पाऊल बघून मला विचारलं, "दोरीबिरी सोडलीय ना?" मी म्हटलं, "हो सर." आता का म्हटलं? नाही म्हटलं असतं तर बाईला आडोसा करायचा, लुगडं सोडवायचं, गाठ शोधायची, आणि पाहुणे तर पायऱ्या चढत होते. म्हटलं, गुच्छ देऊन आले की बघते. गुच्छ दिला. मग मेट्रनबाईंनी सरबत द्यायला उभं केलं. ती निडीची बाईही गप्प पडून होती. दोरीला कुणाला हात लावू देऊ नको, विष वर चढेल, असं सासूनं तिला बजावलेलं. वॉर्डात हलवल्यावरही ती दात आवळून तशीच पडून राहिली आणि मी सरबताचा ट्रे घेऊन फिरत राहिले.

मामा वडखळपर्यंत गेले. नाक्यावर गाडी उभी केली आणि परत फिरवली.

मेट्रनबाई पाहुण्यांना बायकांचा वॉर्ड दाखवत होत्या. मी ट्रे घेऊन मागं. आणि चिखलाच्या पायांनी मामा आत आले. "शिष्टर, दोरी सोडली?" मी ट्रेमधले पेले सरळ करायला लागले. त्यांना काय ते कळलं. सरळ खाटेपाशी गेले, "माफ कर गो बाय" म्हणाले, चादर बाजूला केली आणि लुगड्याखाली हात घालून गाठ चाचपायला लागले. ट्रस्टींच्या पत्नी किंचाळल्या. मेट्रनबाई किंचाळल्या. मीही किंचाळले. मला दोरीचं माहीत होतं, तरी किंचाळले, कारण सगळ्याजणी किंचाळत होत्या.

डॉक्टर धावत आले. त्यांनी बघितलं, सगळ्यांना बाहेर घालवलं आणि बेतानं दोरी सोडवली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी वेळ गेला असता तर पाय गेला असता." नशीब, पाय वाचला. पंधरा दिवसांनी ती बाई स्वतःच्या पायांनी घरी गेली. निघताना सासूनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आणि मी गाल पुढं केला!

तोवर तिकडं तक्रार झाली होती. ड्रायव्हर बायकांच्या वॉर्डात शिरतो, पाहुण्यांसमोर बाईच्या लुगड्याला हात घालतो. डॉक्टर म्हणाले, दोरी होती हे खरं, पण ती आहे हे मला कुणी सांगितलं नाही. माझं 'हो सर' त्यांनी काढलंच नाही, कारण मग स्वतः मांडी का बघितली नाही हे त्यांनाही सांगावं लागलं असतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की मामांनी सिस्टरला सांगितलं होतं की नाही. सांगितलं असेल तर चूक माझी आणि माझी कच्ची नोकरी गेली. सांगितलं नसेल तर मामांची गाडी गेली. व्यवस्थापक साहेबांनी दोघांकडून लिहून मागितलं.

मी लिहिलं, "सदर चालकाने दोरीविषयी सांगितल्याचे मला स्मरत नाही." अक्षर फार सुरेख आलं होतं. एकही खाडाखोड नाही.

मामांनी लिहिलं, "मी सगळं सांगितलं. शिष्टरांचा हात लागला नव्हता तरी मी सोडलं. चूक माझी." साहेबांना शेवटचे दोन शब्द पुरले. मामांना गाडीवरून उतरवून रोह्याच्या दवाखान्याच्या फाटकावर बसवलं.

नवा ड्रायव्हर आला. फार सोयीचा माणूस. पेशंट टेकवायचा, चिठ्ठी खाटेवर टाकायचा, चहाला जायचा. एका दमेकरी बाईला त्यानं असंच टेकवलं तेव्हा मी त्याच्या मागं जाऊन विचारलं, "काय राहिलंय?" तो म्हणाला, "म्हणजे?" म्हटलं, "काही नाही." आणि औषधांच्या खोलीत जाऊन भरपूर रडले. माझ्यासारखी नालायक बाई पेण तालुक्यात दुसरी नसेल असं वाटलं.

पण लगेच उठून खरं सांगायला गेले असं समजू नका. नालायकपणाही मी नीट बेतानं केला. दिवाळीनंतर एका शुक्रवारी नोकरी पक्की झाल्याचा कागद हातात पडला, तेव्हा मला सत्याची आठवण झाली. शनिवारी खरं काय ते सगळं लिहून काढलं आणि रविवारी गाडीत बसून रोह्याला गेले.

मामा फाटकाशी स्टुलावर बसले होते. त्या मोठ्या हातांना तिथं काहीच काम नव्हतं, ते मांडीवर नुसते पडलेले. मला बघून उठून उभे राहिले. मी कागद दिला. त्यांनी ओळीखाली बोट धरून सावकाश वाचला.

"ह्ये सायबांना दिलं?"

"नाही. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावं."

"मला कशाला? मी काय मला गाडी देनार हाय?"

मग त्यांनी विचारलं, "तुमची नोकरी पक्की झाली काय?"

"हो."

"कवा?"

"परवा. शुक्रवारी."

मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, चांगलं चारचौघांत बोलावं, असंही वाटलं. मामांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "बरं झालं. आता तुमचं काय जायाचं नाय. आता द्या." त्यात टोमणा नव्हता. असता तर परतीची गाडी मला इतकी लांब वाटली नसती.

सोमवारी साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सिस्टर, त्यानं स्वतः चूक कबूल केलीय. प्रकरण मिटलंय. तुम्ही कशाला उकरून काढता? पक्क्या झालात ना? मजा करा." कागद परत माझ्याकडे.

पुढच्या रविवारी पुन्हा रोहा. खरं सांगायचं तर थोडी हलकी होऊनच गेले. आपण आपलं कर्तव्य केलं, आता साहेबच ऐकत नाहीत त्याला मी काय करू! "मामा, दिलं हो मी. पण त्यांनी घेतलंच नाही."

"नाय घेतलं?"

"नाही."

"मंग तुमी हात का काडला?"

त्यानंतर दर सोमवारी मी पाळी संपली की साहेबांच्या दाराशी उभी. शिपाई मला बघून हसायचा. साहेब मागच्या दारानं निघून जायला लागले, तर मी मागच्या दाराशी उभी राहायला लागले. मेट्रनबाईंनी मला वेड लागल्याचं जाहीर केलं. पावसाळा तोंडावर आला तेव्हा कुठं साहेबांनी कागद ओढून घेतला, त्यावर सही ठोकली आणि माझी दोन वर्षांची पगारवाढ कापली. त्याच आठवड्यात नव्या ड्रायव्हरनं मॅटॅडोर कुंपणाच्या भिंतीवर घातली होती. माझ्या सत्यापेक्षा त्या भिंतीनंच जास्त काम केलं असणार. पण मामांना गाडी परत मिळाली.

ते येणार म्हणून कळलं त्या दिवशी मी सकाळी दोनदा हात धुतले. घड्याळ काढून ठेवलं. दारात कुणाला उभं राहू दिलं नाही. मॅटॅडोर आली, मागचं दार उघडलं, मामांनी पुढची दांडी उचलली. खुब्याचं हाड मोडलेला एक माणूस होता. स्ट्रेचर खाटेवर टेकलं. मी दोन्ही हात पुढं केले.

मामांनी मला बघितलं. बरं वाटलं त्यांना, अगदी तोंडभर हसले. "बऱ्या हाव ना, शिष्टरबाय?"

"बरी आहे, मामा. सांगा. नाव काय?"

मामा दांडी घट्ट धरून माझ्या खांद्यावरून आत बघायला लागले. मग अवघडून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "दुसरी शिष्टर नाय काय कोन ड्युटीला?"

राग नव्हता हो त्यात. असता तर मी भांडले असते.

मी आत जाऊन दुसरीला बोलावलं. तिनं पेशंटला हात लावला, ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवलं आणि 'घेतला' म्हणाली. मी तोवर दार धरून उभी होते.